टेबलाच्या अलीकडची राज्यघटना

बीड जिल्ह्यात शेतीला जोडधंदे तीन. दूध, शेळ्या आणि राज्यघटना. पहिल्या दोन्हींना अनुदान मिळतं. तिसऱ्याला घरचेच पैसे घालावे लागतात. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं, टेस्ट सिरीज, लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती, आणि लग्नसराईत "पोरगं सध्या काय करतंय" म्हणून विचारणाऱ्या पाहुण्यांसाठी "यंदा होईल" हे एक कायमचं उत्तर, एवढं भांडवल तयार असलं की धंदा सुरू.

संध्याकाळी बीड शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर थांबून बघा. एरवी टपरीवर माणसं पाऊस, कापसाचा भाव आणि पुढारी या तीन विषयांवर बोलतात. इथं पोरं कलम ३५२ वर बोलतात. "आणीबाणीला मंत्रिमंडळाची लेखी शिफारस लागती. ४४ वी दुरुस्ती, १९७८," असं एक जण कटिंग हातात धरून सांगतो आणि दुसरा त्याला ३५६ मध्ये अडकवतो. ऐकून ऐकून टपरीवाल्यालाही पाच रिट पाठ झालेत. बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण, अधिकारपृच्छा. उधारी बुडवणाऱ्यावर यातलं कोणतं चालतं, असं त्याने मला एकदा विचारलं. म्हटलं, बाबा, हे बहुतेक सरकारवर चालवायचं हत्यार आहे, गिऱ्हाइकावर नाही. "मग काय उपेग," म्हणून त्याने स्टोव्हला पंप मारला.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि उरलेल्या वेळात या पोरांना घटना आणि प्रशासकीय कायदा शिकवतो. सरकारला लगाम घालणारा कायदा असा हा विषय आहे. पण लगाम शिकायला येणारे सगळे घोड्यावर बसायच्या तयारीने येतात. यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यात ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही आणि कारखानदारी म्हणजे साखर कारखाना, तिथं सरकार हीच काय ती बारमाही पाण्याची विहीर. तिच्यावर किती जणांची मोट बसेल, हा प्रश्न मात्र कुठल्याही पेपरात विचारत नाहीत.

वर्गात पाटोद्याकडचा एक पोरगा होता. परमादेश इतका सुरेख समजावून सांगायचा की मी मनातल्या मनात त्याचं नावच परमादेश ठेवलं होतं. सार्वजनिक अधिकाऱ्यावर कायद्याने टाकलेलं कर्तव्य असेल आणि तो ते करत नसेल, तर न्यायालय त्याला ते करायला लावतं. विनंती नाही, आज्ञा. कलम २२६ खाली उच्च न्यायालय, ३२ खाली सर्वोच्च. हे सांगताना त्याची छाती दोन बोटं पुढे यायची.

एकदा आम्ही दोघं एका तहसील कार्यालयात बरोबर होतो. त्याला नॉन-क्रीमी लेयर काढायचं होतं, मला एका फेरफाराची नक्कल. भिंतीवर फलक होता. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला, तेव्हापासून असे फलक लागले. कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर पहिलं अपील कोणाकडे, दुसरं कोणाकडे, सगळं निळ्या अक्षरांत रंगवलेलं. फक्त 'किती दिवसांत' या रकान्यावर एका खताच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. खिळा त्याच जागी होता, त्याला कोण काय करणार? खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे." आणि आमचा परमादेश, ज्याने आदल्याच आठवड्यात रिटवर वीसपैकी अठरा मार्क घेतले होते, दोन्ही हात पोटावर बांधून म्हणाला, "बरं मॅडम. उद्या येऊ का?"

मी कोपर मारलं. तो बाहेर आला.

"कायदा माहिती आहे ना तुला?"

"म्हाईतय सर. दफ्तर दिरंगाईचा पण म्हाईतय. कलम दहा, कामाचे सात दिवस."

"मग?"

"मग काय सर. कलम पाठ हाय, पण काम आडलंय. तुम्ही काय, नक्कल नाही मिळाली तर पुढची तारीख घ्याल. माझी अर्जाची शेवटची तारीख परवाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राज्यशास्त्राच्या मोठ्या ग्रंथकारांकडेही मला ते सापडलेलं नाही.

तसं पाहिलं तर बीडमध्ये राज्यघटना आली तीच जरा आडवाटेने. हा मुलूख निजामाचा. जिल्हाधिकाऱ्याला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत, कारभार उर्दूत चाले, आणि कायदा म्हणजे फर्मान. दिल्लीत घटना समिती कलमांवर काथ्याकूट करत होती तेव्हा तिथं हैदराबादचा प्रतिनिधी नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. पुढं नोव्हेंबर १९४९ मध्ये ही राज्यघटना हैदराबादला लागू होईल असं निजामाने जाहीर केलं, तेही फर्मान काढून! लोकांनी लोकांसाठी केलेला कायदा आमच्याकडे हुजुरांच्या सहीने पोहोचला. एवढंच नाही. २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद 'ब' वर्गातलं राज्य झालं आणि त्याचे राजप्रमुख म्हणून पुन्हा मीर उस्मान अली खानच. अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत शिकवता शिकवता स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या सत्तेविरुद्ध माणसं उभी केली, तिचा धनी आता घटनात्मक प्रमुख. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी हसतात, मग वहीत लिहून घेतात, कारण यावर एक मार्काचा प्रश्न होऊ शकतो.

१९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९४० च्या सुमारास मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, जन्मलेल्या माणसाने विशीत पाऊल ठेवेपर्यंत उंबरठा न ओलांडता चार राजवटी पाहिल्या. अशा एका पक्षकाराला मी विचारलं होतं, फरक काय जाणवला? म्हणाले, "पैल्यांदा अर्ज उर्दूत नामंजूर व्हायचा. मग मराठीत व्हायला लागला. आपल्याला वाचता यायला लागलं, हे चांगलं झालं." मी हे वाक्य गमतीने सांगतो, पण ते गमतीचं नाही. नामंजुरीचं कारण नागरिकाला वाचता आलं पाहिजे, यावर प्रशासकीय कायद्याची अर्धी इमारत उभी आहे.

या जिल्ह्याने आणखी एक मजा केली आहे. साताऱ्याकडे ज्यांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं, स्वतःची न्यायदान मंडळं बसवली, त्या क्रांतिसिंह नाना पाटलांना १९६७ साली बीडने लोकसभेवर पाठवलं. चालू सरकार पसंत नसेल तर दुसरं काढणारा माणूस आम्ही कायदेमंडळात नेऊन बसवला. घटनेच्या अभ्यासक्रमात याला जागा नाही. परीक्षेला नाही म्हणून पोरांनाही ठाऊक नसतं.

रिटची गोष्ट तर त्याहून अवघड होती. परमादेश मागायचा तर उच्च न्यायालय पाहिजे, आणि ते मुंबईत. परळी किंवा आष्टीच्या माणसाने एका रात्रीच्या एसटीचं, वकिलाचं आणि मुंबईतल्या मुक्कामाचं गणित केलं की मूलभूत हक्क आपोआप थंड व्हायचा. औरंगाबादला खंडपीठ बसलं १९८१ साली. ते बसवण्याचा आदेश उच्च न्यायालयानेच रद्द केला, आणि १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. दुसऱ्यांना न्याय देण्याआधी आमच्या खंडपीठाला स्वतःच आरोपीच्या जागी उभं राहून सुटावं लागलं. मराठवाड्यात कुठलीच गोष्ट सरळ हातात पडत नाही, त्याला न्यायालय तरी कसं अपवाद असेल?

शिकवायला मला सगळ्यात आवडतं ते सरकारच्या चुकांचं प्रकरण. १८७३ साली फ्रान्समध्ये ब्लँको खटल्याचा निकाल लागला. बोर्दोच्या सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीने एका लहान मुलीला धडक दिली होती आणि बापाने भरपाई मागितली होती. सरकारची जबाबदारी साध्या माणसाच्या नियमांनी मोजायची नाही, तिचे नियम वेगळे, असं तिथं ठरलं आणि फ्रेंचांचा प्रशासकीय कायदा त्यातून वाढला. तंबाखूचं नाव निघाल्याबरोबर मागचा बाक जागा होतो. मग मी त्यांना भारतात आणतो. उदयपुरात कलेक्टरची सरकारी जीप दुरुस्तीहून परत येताना चालकाने एकाला उडवलं. १९६२ च्या विद्यावती खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्याने भरपाई द्यावी. तीन वर्षांनी आला कस्तुरीलाल खटला. १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाला संशयावरून धरलं, त्याचं सोनं-चांदी ठाण्याच्या मालखान्यात ठेवलं. मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलने त्यातलं सोनं उचललं आणि तो थेट पाकिस्तानात पसार झाला. सराफाने सरकारकडे पैसे मागितले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जप्ती हे सार्वभौम अधिकारातलं काम, सबब भरपाई नाही.

हे ऐकून परमादेश बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, सरकारनं चूक करायचीच तर सार्वभौम राहून करायची."

एवढा नेमका सारांश मला टीकाग्रंथांत मिळालेला नाही. १९८३ चा रुदुल साह, १९९३ चा निलाबती बेहेरा, असे निकाल पुढं आले आणि मूलभूत हक्क तुडवला तर राज्याला भरपाई चुकत नाही, हे ठरलं. ते शिकवतोच. पण लक्षात राहतो तो सोनं घेऊन पळालेला हवालदार.

रतलामचा खटला मात्र कुणालाही शिकवावा लागत नाही. गटारं नाहीत, घाण रस्त्यावर, लोक न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेले, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच गोष्ट सांगत राहिली, आमच्याकडे पैसे नाहीत. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सुनावलं की पैसे नाहीत ही सबब कायद्याने टाकलेल्या कर्तव्यापुढे चालणार नाही. हे सांगून होईपर्यंत वर्गातून आपापल्या गल्लीच्या गटाराची लांबी-रुंदी यायला लागते.

एका दिवशी मात्र वर्ग हसला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतरचा तो आठवडा. वेळापत्रकाप्रमाणे विषय होता डायसी, १८८५, कायद्याचं राज्य. कायद्यापुढे कुणी मोठा नाही, हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मागे वळून बघायला मला जड गेलं. पुस्तकात कलम १२ खाली 'राज्य' म्हणजे कोण याची यादी आहे, त्यात स्थानिक प्राधिकरणंही येतात. म्हणजे गळक्या छपराची ग्रामपंचायत हेही राज्यच आणि तिचा सरपंच हा राज्याचा माणूस. त्या दिवशी मी कलम १२ घेतलं नाही. डायसीही अर्धाच राहिला.

घटनेत आणि गावात किती अंतर आहे ते बघायचं तर २६ जानेवारीची ग्रामसभा बघावी. मी शिरूर कासारच्या बाजूला एका गावात ती पाहिली आहे, एका अशिलाच्या ठरावापायी. नियम सांगतो, गणपूर्तीला मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. गाव नऊशे मतदारांचं, म्हणजे शंभर माणूस पाहिजे. आणि जानेवारी म्हणजे गळीत हंगामाचा मध्य. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली सगळी माणसं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे उसाच्या फडावर. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं, त्यांच्या मांडीवर नातवंडं. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या, सभा बसली आणि ग्रामसेवक माणसं मोजायला लागला. बावन्न. शाळेची पोरं धरली असती तर भागलं असतं, पण ती मतदार नाहीत. मग एका पोराला सुचलं. फडावर फोन लावला, व्हिडिओवर अख्खी टोळी उभी राहिली, मागं उसाची मोळी बांधलेला ट्रॅक्टर. "लिव्हा आमची हजेरी," फोनमधून आवाज आला. ग्रामसेवक भला माणूस होता. नियमावली काढली, पुढून चाळली, मागून चाळली आणि म्हणाला, "यात बसत नाही हो."

मतदार यादीत नवरा-बायको दोन असतात. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. त्या दिवशी दोन्ही हिशोबांनी ती माणसं गैरहजर होती.

सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, अशी सोय नियमातच आहे, त्यामुळे पुढच्या तारखेला सगळे ठराव सुरळीत मंजूर झाले. मंजूर होताना मला वाटतं नऊ जण होते, त्यातले दोघं सावली म्हणून येऊन बसले होते.

या सगळ्यात सार्वजनिक कायदा कोणाला कळला, असं मला कुणी विचारलं तर मी परमादेशच्या आजीकडे बोट दाखवीन. त्याच्या गावाकडे गेलो होतो तेव्हा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडलेली. सुकडी आणि तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेले. त्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता. पुढं दिल्लीने देशासाठी कायदा केला तो याच कायद्याच्या धर्तीवर. हे मी तिला सांगायला लागलो तर तिने मला थांबवलं.

"ते वर्ष-बिर्ष तुमचं तुम्हाला. आमाला एकच म्हाईत. काम मागायचं ते बोलून नाय, कागदावर. आन् पोच घेतल्याबिगर दार सोडायचं नाय. पोच नसली की साहेब म्हणतो, तू आलीच नव्हतीस."

"आणि पोच नाही दिली तर?"

"बसायचं."

"किती वेळ?"

"त्याला जेवाय जायचं आसतंय की. आपण तर भाकर घिऊनच गेलेलो."

नातू बाजूला उभा होता. त्याला मी म्हटलं, बघ, चार ओळींत सगळा प्रशासकीय कायदा. विनंती लेखी, पोच, वाजवी मुदत आणि परमादेश. तो ओशाळून हसला. "आज्जीचं येगळंय सर. तिला कुठं पोस्ट काढायचीय."

खरंच होतं ते. टेबलाच्या पलीकडे जायचं ठरलेल्या माणसाला अलीकडून ओरडणं जमत नाही. उद्या हेच आपले साहेब, परवा हेच आपले सहकारी, असा हिशोब कुठेतरी चालू असतो. आजीला तसला हिशोब नव्हता. तिला अलीकडेच राहायचं होतं, म्हणून ती तिथं घट्ट बसली.

परमादेश पुढे तलाठी झाला. शेजारच्या जिल्ह्यात सज्जा मिळाला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला कोरं पोच-पुस्तक भेट दिलं. त्याने ते विनोद म्हणून घेतलं. महिना-दीड महिन्याने भर दुपारी फोन.

"सर, एक म्हातारी आलीय. उत्पन्नाचा अहवाल पाहिजे म्हणती."

"मग दे."

"देणारच ना. पण लॅपटॉप बंदय म्हटलं, उद्या ये. तर म्हणती तसं लिहून दे. लॅपटॉप बंद हाय म्हणून लिव्ह, सही कर, शिक्का मार."

"कलम कुठलं सांगितलं तिने?"

"कलम-बिलम काही नाही सर. नुसती बसलीय. संगं डबा आणलाय."

"मग?"

"मग काय सर. लॅपटॉप चालू केला."